गर्भनिरोधक गोळी आणि नव्याने लग्न झालेल्या मुली : एका प्रबंधाचा अनुभव

एम.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रबंध सक्तीचा असतो आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय घेतलेल्या बऱ्याच जणी लसीकरण, रक्तक्षय किंवा मधुमेह यांपैकी काहीतरी निवडतात. मी मात्र १८ ते २५ या वयोगटातील विवाहित स्त्रियांना गर्भनिरोधक गोळ्यांविषयी असलेली माहिती आणि त्यांचा या गोळ्यांकडे पाहण्याचा दृष्टिकोन हा विषय मागून घेतला. त्याला कारण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली होती, तर रोजची गोळी घेणाऱ्या केवळ ५.१ टक्के होत्या. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचे प्रमाण याहूनही जास्त, जवळजवळ निम्मे आहे. लग्न, वर्षाच्या आत पहिले बाळंतपण, त्यामागोमाग दुसरे आणि पंचविशी गाठायच्या आत ऑपरेशन, हा क्रम मी सातारा जिल्ह्यातल्या गावांत नोकरी करताना सतत पाहिला होता. पाळणा लांबवणे या क्रमात कुठेच बसत नव्हते आणि उपकेंद्राच्या कपाटात माला-एन या रोजच्या गोळीची पाकिटे मात्र पडून राहत होती. या मुलींना गोळीबद्दल काय ठाऊक आहे आणि काय वाटते, हे त्यांनाच कोणी नीट बसून विचारले आहे का, या प्रश्नातून माझा विषय ठरला.

विषय मंजूर होणे सोपे गेले. खरी चर्चा झाली ती एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे. समितीतील एका सदस्यांनी विचारले की मुलाखत घरी घेतली आणि शेजारच्या खोलीतून सासूने ऐकले, तर त्या मुलीला पुढे जे भोगावे लागेल त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण त्यामुळे पुढच्या सगळ्या कामाची रीत ठरली. मुलाखत कुठे द्यायची हे त्या मुलीने ठरवायचे, कागदावर नाव न लिहिता फक्त क्रमांक टाकायचा आणि माहितीपत्रक तिने मागितले तरच घरी न्यायला द्यायचे, असे आम्ही लिहून दिले. अविवाहित मुलींनाही अभ्यासात घ्यावे अशी माझी इच्छा होती, परंतु गावातून परवानगी मिळणार नाही आणि नुसत्या विचारण्यानेच त्या मुलींवर संशय घेतला जाईल, या कारणाने तो भाग वगळावा लागला. कारण व्यवहाराला धरून होते हे मला मान्य आहे. पण ज्यांना माहितीची गरज सर्वांत आधी असते त्यांच्यापाशी आपण सर्वांत उशिरा पोहोचतो, याची खंत मला आजही आहे.

प्रश्नावलीचे दोन भाग होते. पहिला माहितीचा, त्यात प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले होते. दुसरा दृष्टिकोनाचा, त्यात एकेक विधान वाचून दाखवून ते पूर्णपणे पटते, थोडे पटते, सांगता येत नाही, फारसे पटत नाही किंवा अजिबात पटत नाही, असे नोंदवायचे होते. प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागते. त्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सुचवले की ‘गोळी विसरल्यास काय करावे’ असा एकच ढोबळ प्रश्न ठेवू नका. एक गोळी विसरली तर काय, लागोपाठ तीन विसरल्या तर काय, गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय, असे वेगवेगळे विचारा, कारण गोळी फसते ती बहुधा इथेच. त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. वर्षभर न चुकता घेतली तर १०० स्त्रियांमागे एकीलाही क्वचितच दिवस राहतात. पण माणसे प्रत्यक्षात जशी घेतात, विसरत-चुकत, तशी घेतली तर हाच आकडा ७ च्या आसपास जातो. एक-दोन गोळ्या चुकल्या तर आठवताक्षणी एक घ्यायची आणि पुढच्या ठरल्या वेळी घ्यायच्या. लागोपाठ तीन किंवा अधिक चुकल्या तर तशीच सुरुवात करून पुढचे ७ दिवस निरोधही वापरायचा, आणि हे पाकिटाच्या तिसऱ्या आठवड्यात घडले असेल तर शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या (त्यांत गर्भनिरोधक औषध नसते) सोडून सरळ नवे पाकीट सुरू करायचे. हे नियम इतके साधे आहेत, पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी गोळी घेणाऱ्या मुलींनाही ते कोणी समजावून सांगितलेले नव्हते.

आल्याच्या लावणीचे दिवस होते, त्यामुळे मुली घरी सापडायच्या त्या सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. काहींनी अंगणवाडीत बोलणे पसंत केले, काहींनी उपकेंद्रात, आणि एकीने शेताच्या बांधावर, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तेवढीच जागा तिची स्वतःची होती. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, मला दारापर्यंत पोहोचवून मागे फिरत. हे मी त्यांना मुद्दाम सांगितले होते, कारण गावातलीच बाई समोर बसली की मुली शाळेत दिल्यासारखी उत्तरे देतात.

प्रश्न सुरू करण्यापूर्वी मी पिशवीतून चार पाकिटे काढून मांडत असे. एक माला-एनचे, एक आठवड्याने घ्यायच्या ‘छाया’ गोळ्यांचे, एक असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गोळीचे आणि एक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचे. बहुतेक मुलींचा हात आधी तातडीच्या गोळीकडे जाई, कारण तिची जाहिरात त्यांनी टीव्हीवर पाहिलेली होती. त्यानंतर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीकडे, कारण ती घरोघरी लागते. गौरी, नवरात्र, गावची जत्रा, घरातले लग्न किंवा सत्यनारायण असला की सासूच सांगते, मेडिकलमधून घेऊन ये. माला-एनचे पाकीट पाहून ‘आशाताईकडे असतंय ते’ इतकेच काही जणी म्हणत आणि ‘छाया’ तर जवळजवळ कोणीच ओळखत नसे. २०११ पासून आशाताईंनी गोळ्या आणि निरोध घरपोच द्यावेत अशी योजना आहे. महिन्याभराच्या पाकिटाला १ रुपया इतकी नाममात्र किंमत तेव्हा ठरली होती. म्हणजे जी गोळी दारात मिळते ती अनोळखी, आणि जिच्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते ती मात्र ओळखीची.

ही ओळखही कशी घातक ठरते हे एका मुलीच्या बोलण्यातून मला पुरते कळले. ७२ तासांचे गणित तिला तोंडपाठ होते. नवरा कोरेगावहून गोळी आणायचा आणि महिन्यातून अनेकदा ती घ्यायची. तिची पाळी कधी लवकर, कधी फार उशिरा येऊ लागली आणि त्यावरून तिने निष्कर्ष काढला की गोळी म्हटली की पाळी बिघडणारच. तेव्हा रोजची गोळी खाणाऱ्या बाईचे काय होत असेल! मी तिला माला-एनच्या पाकिटामागचा मजकूर वाचून दाखवला. त्यातल्या पांढऱ्या गोळीत लेवोनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असते, तर तातडीच्या एका गोळीत तेच औषध १.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट. अडीनडीला एकदा घेण्यासाठी बनवलेले औषध ती नेहमीचे म्हणून घेत होती, आणि त्याचा राग जी गोळी तिने कधी घेतलीच नव्हती तिच्यावर काढत होती. माझ्या प्रश्नावलीत तिचे गुण चांगले आले. तिची माहिती ‘पुरेशी’ या रकान्यात गेली.

दुसऱ्या एका मुलीने गौरीच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि या दिवसांत गोळी चालूच आहे तर वेगळी काळजी कशाला, असे नवराबायकोने धरून चालले होते. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असते. पाळीच्या ठरल्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतात. तोवर बीजांड सुटून गेलेले असते, त्यामुळे या गोळ्यांनी गर्भधारणा टळेल असे मानता येत नाही. गोळ्या थांबवल्यानंतर पाळी आली नाही, तेव्हा ती गोळीमुळेच लांबली असेल असे समजून तिने बरेच दिवस तपासणीच केली नाही. आता तिला मुलगी आहे आणि ती लाडाची आहे. परंतु तिचे डी.एड.चे दुसरे वर्ष त्यात राहून गेले, हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

सातारा जिल्ह्यातले कितीतरी पुरुष नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत आणि त्यांच्या बायका गावी सासू-सासऱ्यांपाशी राहतात. अशाच एकीचा नवरा वाशीच्या बाजारात कामाला होता. ती माला-एन घ्यायची, पण नवरा घरी येई तेवढेच दिवस. ‘माणूस महिन्या-दोन महिन्यांतून येतोय, मग रोज कशाला खायाची?’ असे तिने मला विचारले. हा प्रश्न अज्ञानाचा म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही; कोणीही समजूतदार माणूस असाच विचार करील. गोळी बीजांड सुटू देत नाही आणि त्यासाठी ती रोज, ओळीने पोटात जावी लागते, हे ठाऊक असले तरच तिची रीत चुकीची ठरते. मी तिला पाकिटातल्या बाणांवरून बोट फिरवून २१ पांढऱ्या आणि ७ काळपट गोळ्यांचा क्रम दाखवला, आणि नवरा इतक्या दिवसांनी येत असेल तर निरोध हा तिच्यासाठी अधिक सोयीचा मार्ग ठरेल का, याचा विचार तिच्याबरोबरच केला. निरोध वापरायचा म्हणजे नवऱ्याशी बोलायचे, आणि ते तिला गोळीपेक्षा अवघड वाटत होते.

त्या काळपट गोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. त्या लोहाच्या असतात, गर्भनिरोधाशी त्यांचा संबंध नाही, पण त्या सात दिवसांचा हिशेब त्याच ठेवतात. माझ्याशी बोललेल्या एका बाईला त्यांनी मळमळायचे म्हणून ती त्या टाकून देई, आणि पाळी पूर्ण थांबल्यावर, डोक्यावरून पाणी घेतल्यावरच नवे पाकीट फोडे. तिची पाळी लांबली की मधला खाडाही वाढे. गोळी चुकण्याची सर्वांत धोक्याची वेळ हीच, कारण सात दिवसांहून अधिक काळ संप्रेरक मिळाले नाही तर बीजांड पुन्हा तयार होऊ लागते. तिने लोहाच्या गोळ्या टाकल्या याने काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू न केल्याने.

आणखी एक गाठ अशी पडली की जिच्यामुळे या कामाची जबाबदारी मला वेगळ्याच अर्थाने जाणवली. एका मुलीला क्षयरोगाचे उपचार चालू होते आणि त्या काळात दिवस राहू नयेत म्हणून ती मनापासून, एकही दिवस न चुकता गोळी घेत होती. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन असते आणि त्याने यकृत गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके इतक्या वेगाने नष्ट करते की गोळीचा भरवसा राहत नाही. मी त्याच दिवशी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला तांबी आणि तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन असे दोन्ही पर्याय समजावले, आणि तिने तांबी बसवून घेतली. गोळी देण्यापूर्वी चालू औषधे कोणती, रक्तदाब किती, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे लखलखते का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, अंगावर सहा महिन्यांच्या आतले बाळ पिते का, एवढे विचारायला फारसा वेळ लागत नाही.

माहितीचा भाग असा पुढे सरकत होता, पण दृष्टिकोनाच्या भागाशी आले की बहुतेक मुली सावध होत. ‘पहिले मूल होण्याआधी गोळी घेतली तर पुढे मूल होण्यास अडचण येते’ या विधानाला ‘पूर्णपणे पटते’ असे उत्तर इतक्या वेळा आले की मी ते विधान वाचून होण्याआधीच ओळखू लागले. आश्चर्य असे की बी.एस्सी. झालेल्या एका मुलीने माहितीच्या भागात हाच मुद्दा बरोबर सांगितला होता. गोळी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकरच परत येते, हा पर्याय तिने निवडला होता. मी तिला दोन्ही उत्तरे दाखवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. पण मी गोळी घेतली आणि नंतर मूल राहायला सहा महिने जरी जास्त लागले, तरी घरात बोल मलाच लागणार. नवऱ्याची तपासणी कोणी करणार नाही. तू गोळ्या खाल्ल्यास, म्हणून झालं, असंच म्हणणार.’

मला वाटते, या अभ्यासातून मला जे काही कळले ते या उत्तरात आले. आपण समजतो की मुली गोळीला घाबरतात त्या चुकीच्या माहितीमुळे, आणि माहिती दिली की भीती जाईल. तिची भीती गोळीची नव्हतीच. मूल व्हायला उशीर झाला की कोणाला तरी दोष द्यावा लागतो, आणि तेव्हा हाती सापडेल असा पुरावा आपण स्वतःहून निर्माण करू नये, हा तिचा हिशेब होता. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच हळदीकुंकवाला, एसटीत, दळणाच्या गिरणीवर ‘काय विशेष?’ असे विचारणाऱ्या बायका भेटतात. त्या गावात राहून केलेला तो हिशेब मला चुकीचा म्हणवत नाही. त्यात भर अशी की गोळी चालू असताना पाळी महिन्याच्या महिन्याला तारखेवर येते, आणि जिची पाळी मुळात अनियमित होती तिची गोळी थांबल्यावर पुन्हा पूर्वीसारखी होते. मूळचा दोष उघडा पडतो आणि नाव गोळीचे होते.

याच संदर्भात एक गोष्ट मी अनेक घरांत पाहिली. मुलीची पाळी लग्नाआधी अनियमित होती म्हणून डॉक्टरांनी पी.सी.ओ.डी. या बीजकोषाच्या विकाराचे निदान करून काही महिने याच प्रकारच्या गोळ्या दिलेल्या असत, आईने त्या स्वतः मेडिकलमधून आणून दिलेल्या असत, आणि त्यांना कोणाचाच विरोध नसे. तेच औषध पाळणा लांबवण्यासाठी घ्यायचे म्हटले की ते एकदम शरीराला अपायकारक ठरे. यातल्या एकाही मुलीला दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या आहेत हे ठाऊक नव्हते.

सासवांविषयीही लिहिले पाहिजे, कारण त्यांना खलनायिका ठरवणे फार सोपे आहे. एका घरी मुलाखत संपल्यावर सासूबाई चहा घेऊन आल्या आणि स्वतःच बसून राहिल्या. ‘पहिलं होऊ दे, मग खा म्हणावं काय खायच्या त्या गोळ्या,’ असे त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ऐकण्यातल्या बायकांच्या गोष्टी सांगू लागल्या. सारख्या उलट्या, चक्कर, आणि गोळ्या पोटात साठून झालेली गाठ. उलट्यांची गोष्ट निराधार नाही. १९६० मध्ये अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली तेव्हा तिच्यात मळमळ आणणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होते, माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. पण आधीच्या गोळ्यांची ख्याती आजच्या गोळीलाही चिकटून राहिली आहे. गाठीच्या गोष्टीसाठी मी एक पांढरी गोळी त्यांच्याच स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकली आणि चमच्याने ढवळायला त्यांना सांगितले. ती विरघळून पाणी थोडे गढूळ झाले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग साठायचं काय त्यात?’ नंतर त्यांनी विचारले की दोन मुलांत किती अंतर असले म्हणजे आईचे रक्त भरून येते. दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे मी सांगितले. त्या बराच वेळ सुनेकडे पाहत होत्या. त्या सुनेने नंतर आशाताईंकडून पाकीट घेतले हे मला कळले, पण ते सासूबाईंच्या संमतीने की लपवून, हे मी विचारले नाही.

पाकीट लपवण्याचा प्रश्नही लहान नाही. घरात कपाट एकच, किल्ली सासूकडे, आणि २८ गोळ्यांचे पाकीट रोज त्याच वेळी हातात यायला हवे. कोणी ते तांदळाच्या डब्यात ठेवत होते, कोणी शिलाई मशीनच्या खणात, कोणी माहेरच्या पिशवीत. गोळी विसरण्याचे कारण म्हणून ‘विसरभोळेपणा’ असा पर्याय माझ्या प्रश्नावलीत होता. पुष्कळदा मुलगी विसरलेली नसते. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसरे कोणी उभे असते. आशाताईंना मी विनंती केली की पाकीट देताना ‘कधी घेणार’ याच्या जोडीला ‘कुठे ठेवणार’ हेही विचारत जा.

गुणांची बेरीज, तक्ते, काय-वर्ग (काय-स्क्वेअर) ही संख्याशास्त्रीय चाचणी, हे सगळे संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीने पार पडले आणि प्रबंध वेळेत सादर झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले की माहिती आणि दृष्टिकोन यांचा मेळ न बसणाऱ्या स्त्रियांचे तुम्ही काय केले. मी त्यांची उत्तरे वेगळ्या प्रकरणात, त्यांच्याच शब्दांत, क्रमांकासह दिली होती. ते प्रकरण परीक्षकांनी वाचून काढले आणि त्यावरच बहुतेक परीक्षा झाली.

अभ्यासाचे निष्कर्ष तालुका आरोग्य कार्यालयाला देताना मी शिफारशी थोड्याच ठेवल्या. गोळी सुरू करण्यापूर्वी उपकेंद्रातच रक्तदाब मोजावा आणि चालू औषधांची नोंद करावी. गोळी चुकल्यास काय करायचे याचे मराठी चित्रपत्रक पाकिटासोबत द्यावे. तातडीची गोळी मागायला आलेल्या जोडप्याला नियमित साधनांची माहिती त्याच भेटीत मिळावी. आणि एक शिफारस मी आग्रहाने मांडली, की नवविवाहित जोडप्यांची बैठक घ्यायची असेल तर ती जत्रेच्या आठवड्यात घ्यावी, कारण मुंबईचे पुरुष तेव्हाच गावात असतात. त्या बैठकीत मूल न होण्याचे कारण शोधताना पुरुषाचीही तपासणी आधी किंवा बरोबरीने व्हायला हवी, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः, सगळ्यांच्या देखत सांगावे, एवढीच माझी अट होती. एका गावच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती मान्य केली आणि पुढच्या जत्रेची तारीख उपकेंद्राच्या फळ्यावर लिहून टाकली.